जुनीं विमानें आणि कमी ऑक्टेनचें पेट्रोल

गोंदियाजवळ कामठ्याच्या बाजूला बिरसी येथें जो विमानतळ आहे, तो इंग्रजी अमदानींत, दुसरें महायुद्ध चालूं असतां, १९४० सालीं बांधला गेला. आज तेथें वैमानिक तयार करणारी संस्था आहे, आणि बांध्यांमध्यें धानाची कापणी चालली असतां तिचीं लहान विमानें डोक्यावरून घिरट्या घालीत जातात, हें दृश्य आपल्या जिल्ह्यांतील मुलांना नवें राहिलेलें नाहीं. विमान दृष्टीस पडलें कीं मुलें त्याची गति विचारतात, उंची विचारतात, किंमत विचारतात. त्याच्या पोटांत काय घालतात हें मात्र फारच थोडे विचारतात. वस्तुतः वैमानिकाचा जीव ज्या गोष्टींवर टांगलेला असतो, त्यांत ही एक फार मोठी आहे.

विशेषतः जुन्या विमानांच्या बाबतींत एक प्रश्न वारंवार उभा राहतो. पन्नास, सत्तर, नव्वद वर्षांपूर्वीं बांधलेलें पिस्टनचें इंजिन आज चालवावयाचें झाल्यास त्याला कमी ऑक्टेनचें, म्हणजे बोलण्यांत ज्याला आपण हलक्या प्रतीचें म्हणतों तें, पेट्रोल चालेल काय? याचें उत्तर 'हो' किंवा 'नाहीं' अशा एका शब्दांत देतां येत नाहीं. कांहीं जुन्या इंजिनांना तें चालतें, इतकेंच नव्हे तर तेंच मानवतें. कांहींना तें दिल्यास जमीन सोडल्यावर कांहीं मिनिटांतच पिस्टनला भोंक पडूं शकतें. दोन्ही इंजिनें जुनींच. मग हा भेद कां पडतो, तें आपण पाहूं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ऑक्टेनचा आंकडा मोठा असला म्हणजे त्या पेट्रोलांत जोर अधिक, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि पेट्रोल विकणारांनाही ती सोयीची असल्यामुळें ते ती मोडीत नाहींत. परंतु एक लिटर ८० ऑक्टेनचें पेट्रोल जाळलें काय आणि एक लिटर १०० ऑक्टेनचें जाळलें काय, निघणाऱ्या उष्णतेंत म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं. तो आंकडा पेट्रोलची ताकद दाखवीत नसून त्याचा धीर दाखवितो. दाब आणि उष्णता सोसून, ठिणगीची ज्वाला आपल्यापाशीं येऊन पोंचेपर्यंत तें न पेटतां थांबूं शकतें कीं नाहीं, एवढेंच त्यावरून कळतें.

सिलिंडरांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण येतें, पिस्टन वर चढून तें दाबतो, आणि नेमक्या क्षणीं ठिणगी पडते. त्याबरोबर सगळें मिश्रण एकदम भडकतें असें पुष्कळांस वाटतें. तसें होत नाहीं. तें पेटत जातें. खळ्यावर तणसाची लांब रास आहे आणि तिच्या एका टोंकाला कोणी काडी लावली, अशी कल्पना करा. जाळ एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे सरकत जाईल. सिलिंडरांतही ज्वाला अशीच, सेकंदाला सुमारें वीस-पंचवीस मीटर वेगानें, पसरते. मात्र एक फरक आहे. सिलिंडर बंद असल्यामुळें जळालेले वायु फुगून अजून न पेटलेल्या मिश्रणाला आणखी दाबतात व आणखी तापवितात. पेट्रोल धीराचें असलें तर तें कोपऱ्यांतलें मिश्रण ज्वाला येईपर्यंत टिकतें. नसलें तर तें सगळें एका क्षणांत आपोआप उडतें. यालाच नॉकिंग किंवा डेटोनेशन म्हणतात. जड ओझें घेऊन चढ चढणाऱ्या मोटारसायकलींतून कधींकधीं हातोडीनें पत्रा ठोकल्यासारखा जो आवाज येतो, तो याचाच.

हा आवाज कानाला वाईट वाटतो म्हणून इंजिन बिघडतें असें नव्हे. सिलिंडराच्या भिंतीला व पिस्टनच्या माथ्याला लागून थंड वायूचा एक अतिशय पातळ थर असतो. आंत ज्वालेची उष्णता २००० अंशांच्या वर असूनही ६६० अंशांना वितळणारें ॲल्युमिनियम वितळत नाहीं, तें पुष्कळसें या थरामुळें. नॉकिंगचा धक्का हा थर फाडून टाकतो. मग उष्णता धातूंत शिरते, पिस्टन मऊ पडतो, त्याच्या कडा झिजतात आणि शेवटीं माथ्याला भोंक पडतें. तापलेल्या ठिकाणीं पुढचें मिश्रण ठिणगी पडण्याच्या आधींच पेटूं लागतें, म्हणजे एका रोगांतून दुसरा जन्मतो.

मोटारींत आवाज ऐकून आपण गति कमी करतों. विमानांत पंख्याचा व वाऱ्याचा घोष एवढा असतो कीं हा ठोका वैमानिकाच्या कानीं पडतच नाहीं. तो कळतो काटा पाहून, सिलिंडराच्या माथ्याचें उष्णतामान चढलें म्हणजे. कित्येक जुन्या विमानांत तर तो काटाही नाहीं.

आतां ऑक्टेनचा आंकडा कोठून आला तें थोडक्यांत सांगतों. १९२६ सालीं ग्रॅहॅम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें दोन शुद्ध द्रव निवडले. आयसो-ऑक्टेन नांवाचा द्रव फार धीराचा, त्याला १०० गुण दिले. हेप्टेन नांवाचा फारच उतावळा, त्याला शून्य. (हा हेप्टेन त्या काळीं अमेरिकेंतील एका जातीच्या पाइन वृक्षाच्या राळेपासून मिळवीत असत, ही गंमत सांगण्यासारखी आहे.) ७० भाग पहिला व ३० भाग दुसरा असें मिश्रण परीक्षेच्या इंजिनांत ज्या दाबाला ठोके देऊं लागतें, त्याच दाबाला एखादें पेट्रोल ठोके देऊं लागलें, तर तें ७० ऑक्टेनचें. पुढें शंभराच्याही वरचीं पेट्रोलें निघालीं, तेव्हां निराळें मोजमाप घ्यावें लागलें. म्हणून विमानाच्या पेट्रोलवर १००/१३० असे जोडआंकडे आढळतात. त्यांतला पहिला, हवेच्या मानानें पेट्रोल कमी असतांनाचा. दुसरा, तें भरपूर असतांनाचा.

इंजिनाला किती ऑक्टेन लागावें हें कशावर अवलंबून असतें? पुस्तकांत उत्तर सांपडतें तें असें : मिश्रण किती पटीनें दाबलें जातें त्यावर. हें उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. तीन इंजिनें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे तें ध्यानांत येईल.

पहिलें जिप्सी मेजर. टायगर मॉथ नांवाच्या दोन पंखांच्या जोडीच्या विमानाचें हें इंजिन. चार सिलिंडर, १३० अश्वशक्ति, सिलिंडराचा व्यास ११८ मिलिमीटर, आणि मिश्रण दाबण्याचें प्रमाण अवघें ५.२५ पट. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांतील कितीतरी तरुण याच विमानावर उडावयास शिकले, आणि भारतीय वायुसेनेनें दुरुस्त करून घेतलेलें एक टायगर मॉथ २०१२ च्या वायुसेनादिनीं पुनः आकाशांत दिसलें. या इंजिनाला ७० ऑक्टेनचें पेट्रोल पुरतें. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल आणलें, तें याच घराण्यांतल्या थोड्या आधींच्या इंजिनावर. अहमदाबादेस त्यांच्या विमानासाठीं पेट्रोल आलें तें चार-चार गॅलनच्या डब्यांतून, बैलगाडीवर! पन्नास वर्षांनीं, १९८२ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं त्यांनीं तोच प्रवास लेपर्ड मॉथ नांवाच्या जुन्या विमानांतून एकट्यानें पुनः केला. ज्या जातीचें तें विमान, तिचें इंजिन जिप्सी मेजरच.

दुसरें इंजिन जुनें नाहीं, पण तुलनेसाठीं घेतों. एन. सी. सी. च्या हवाई शाखेंतील मुलांना ज्या चिमुकल्या 'व्हायरस' विमानांतून उडवितात, त्यांत रोटॅक्स जातीचें ८० अश्वशक्तीचें इंजिन असतें. त्यांत मिश्रण नऊ पट दाबलें जातें. पुस्तकी नियमाप्रमाणें याला जिप्सीपेक्षां पुष्कळच भारी पेट्रोल लागावें. परंतु तें मोटारीच्या साध्या पेट्रोलवर चालण्यासाठींच बनविलेलें आहे. कारण त्याच्या सिलिंडराचा व्यास ७९.५ मिलिमीटर, म्हणजे ज्वालेला थोडेंच अंतर चालावयाचें. शिवाय सिलिंडराचे माथे पाण्यानें थंड ठेवलेले, आणि इंजिन मिनिटाला साडेपांच हजारांच्या वर फेरे घेणारें, त्यामुळें कोपऱ्यांतल्या मिश्रणाला आपोआप पेटावयास सवडच मिळत नाहीं. उतावळ्या माणसाला वाट पाहण्याची पाळीच न आणणें, हाही एक उपाय आहे!

तिसरें, डकोटाचें ट्विन वास्प. चौदा सिलिंडर, १२०० अश्वशक्ति, व्यास जवळजवळ १४० मिलिमीटर. दाबण्याचें प्रमाण ६.७ पट, म्हणजे रोटॅक्सपेक्षां कमीच. परंतु येथें हवा इंजिनांत आपल्या पायानें येत नाहीं. तिला सुपरचार्जर नांवाचा पंखा आधींच दाबून, आणि दाबल्यामुळें तापवून, आंत कोंबतो. मोठा व्यास, हवेनें थंड होणारे माथे, आणि आधींच दाबलेलें गरम मिश्रण, असे तिन्ही दोष एकत्र आले म्हणजे ६.७ हा आंकडा फसवा ठरतो. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरले ते डकोटांतून. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्रीं निघालेलीं टपालाचीं विमानें नागपुरास एकत्र जमून थैल्यांची अदलाबदल करीत व पहाटेपर्यंत परत जात, त्या कामीं प्रथम डकोटाच असत. कलकत्त्याचें विमान पूर्वेकडून येई, तेव्हां आपल्या भागांतील जुन्या माणसांनीं अंथरुणावर पडल्या पडल्या तो घरघराट ऐकला असल्यास नवल नाहीं. अशींच एक डकोटा २०१८ सालीं वायुसेनेच्या जुन्या विमानांच्या ताफ्यांत 'परशुराम' या नांवानें दाखल झाली आहे.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा. जिप्सीसारख्या इंजिनाला कमी ऑक्टेनचें पेट्रोल देणें म्हणजे त्याचें मूळचें अन्न त्याला देणें. ट्विन वास्पसारख्याला तें द्यावयाचें तर त्याच्याकडून काम कमी घेतलें पाहिजे. किती कमी, हें वैमानिकानें अंदाजानें ठरवावयाचें नसतें. इंजिनाच्या पुस्तिकेंत कोणत्या प्रतीच्या पेट्रोलवर नळींतला दाब कोठवर चढवावा याची मर्यादा दिलेली असते, तिच्या पलीकडे हात जातां कामा नये.

याचें प्रसिद्ध उदाहरण उलट्या दिशेचें आहे. १९४० सालीं ब्रिटिशांच्या स्पिटफायर व हरिकेन विमानांना ८७ ऑक्टेनच्या जागीं १०० ऑक्टेनचें पेट्रोल मिळालें. त्यांच्या मर्लिन इंजिनांत पूर्वीं हवेचा वाढीव दाब दर चौरस इंचास ६.२५ पौंडांपर्यंतच नेतां येत असे. नव्या पेट्रोलवर तो १२ पौंडांपर्यंत नेणें शक्य झालें, आणि कमी उंचीवर १०३० च्या ठिकाणीं १३१० अश्वशक्ति निघूं लागली. पेट्रोलनें स्वतः एक अश्वशक्तिही अधिक दिली नाहीं. त्यानें जास्त हवा कोंबण्याची मुभा दिली, एवढेंच. त्याच इंजिनांत पुनः ८७ ऑक्टेनचें पेट्रोल घातलें तर इंजिन चालेल, परंतु दांडा पूर्वीच्या खुणेपाशींच थांबविला पाहिजे. तो थांबला नाहीं, तर काय होईल हें वर सांगितलेंच आहे.

शेंकडा थोडीशी शक्ति कमी झाली तर काय बिघडलें, असें कोणास वाटेल. गणित करून पाहूं. समजा, एका विमानाला नुसतें समपातळींत उडत राहण्यास ७०० अश्वशक्ति लागतात आणि इंजिनांपासून १००० मिळतात. उरलेल्या ३०० त्याला वर चढवितात. आतां पेट्रोलमुळें १५० कमी घेतल्या. एकंदर शक्ति शेंकडा १५ नेच घटली, पण चढण्याची शक्ति ३०० वरून १५० वर, म्हणजे निम्म्यावर आली! धांवपट्टी लांब लागते, पलीकडचीं झाडें ओलांडतांना अंतर कमी उरतें. म्हणून असें पेट्रोल वापरावयाचें तर ओझें उतरविलें पाहिजे. उतारू कमी, सामान कमी, टाकी अर्धी. जुन्या विमानाची हौस करणारांपैकीं ज्यांना हें मान्य नसतें, त्यांनीं तें विमान जमिनीवरच ठेवून पुसलेलें बरें.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! मे महिन्यांत गोंदियाचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. १५ अंशांच्या हवेच्या मानानें ही हवा सुमारें शेंकडा ९ नें विरळ असते. पंखांना आधार कमी, पंख्याला पकड कमी, इंजिनाला हवा कमी. त्यांतून आंत येणारी हवाच तापलेली असल्यामुळें मिश्रणाचा धीर आधींच सुटत आलेला असतो. युरोपांतल्या थंड सकाळीं जें पेट्रोल एखाद्या इंजिनाला कसेंबसें पुरतें, तें येथें भर दुपारीं पुरेलच असें मानणें धोक्याचें. वैमानिक अशा वेळीं उड्डाणाच्या क्षणीं मिश्रणांत पेट्रोल मुद्दाम अधिक सोडतात. न जळलेलें जास्तीचें पेट्रोल वाफ होतांना सिलिंडर थंड करतें. तेवढें पेट्रोल वायां जातें खरें, परंतु तें पिस्टनपेक्षां स्वस्त असतें.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं मग एवढा विचार कशाला? सर्व इंजिनांना सरसकट भारी पेट्रोल द्यावें, म्हणजे झालें. दुर्दैवानें त्यांत शिसें असतें.

१९२१ सालीं टॉमस मिजली यांनीं असें शोधून काढलें कीं शिशाचा एक तेलकट संयुग पदार्थ पेट्रोलांत चिमूटभर घातला तर नॉकिंग थांबतें. युद्धकाळांतलीं विमानें त्याच्यावर उडालीं. परंतु शिसें हें विष आहे, आणि मुलांच्या मेंदूला तें फार घातक असतें. मुलांच्या रक्तांत शिशाचें अमुक प्रमाण निर्धोक असें म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशांत मोटारीच्या पेट्रोलांतून शिसें १ फेब्रुवारी २००० पासून काढून टाकण्यांत आलें. विमानाच्या पेट्रोलांत मात्र तें अजून आहे. सध्यां जगभर चालणारें निळ्या रंगाचें '१०० एल एल' पेट्रोल घ्या. 'एल एल' म्हणजे कमी शिशाचें. तरी त्यांत लिटरमागें ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसें असूं शकतें. पूर्वीच्या हिरव्या १००/१३० मध्यें याच्या दुप्पट असे, म्हणून त्या मानानें हें कमी, इतकेंच. हें पेट्रोल आपल्याकडे परदेशांतून येत असे. सप्टेंबर १९२२ नव्हे, अगदीं कालपरवां, सप्टेंबर २०२२ मध्यें इंडियन ऑइलनें बडोद्याच्या कारखान्यांत तयार केलेलें देशी १०० एल एल बाजारांत आणलें, आणि पुढच्याच वर्षारंभीं त्याचा कांहीं साठा पापुआ न्यू गिनीकडे रवाना झाला.

जुन्या लहान इंजिनांची तक्रार निराळीच आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचें पुष्पक विमान आपल्या फ्लाइंग क्लबांतून कित्येक वर्षें वापरलें गेलें. त्याचें पहिलें उड्डाण १९५८ चें. त्याच्या ९० अश्वशक्तीच्या काँटिनेंटल इंजिनाला तांबड्या रंगाचें ८०/८७ पेट्रोल पुरे. त्यांत शिसें लिटरला फार तर ०.१४ ग्रॅम. तें तांबडें पेट्रोल बाजारांतून नाहींसें झालें, तेव्हां अशा इंजिनांना निळें पेट्रोल, म्हणजे चौपट शिसें, घेणें भाग पडलें. हीं इंजिनें फार तापत नाहींत, त्यामुळें शिसें वाफ होऊन बाहेर न पडतां स्पार्क प्लगवर व झडपांच्या दांड्यांवर सांचतें. प्लग ठिणगी देईनासा होतो, झडप अडकते. म्हणजे या इंजिनांना 'भारी' पेट्रोल हाच विकार होऊन बसला, आणि कमी ऑक्टेनचें, बिनशिशाचें पेट्रोल हें त्यांच्या प्रकृतीला औषध ठरलें. स्वीडनमध्यें असें बिनशिशाचें विमानाचें पेट्रोल १९९१ पासून मिळतें. ९१ व ९४ ऑक्टेनचीं अशीं पेट्रोलें इतरत्रही निघालीं आहेत.

तथापि येथेंही डोळे मिटून चालतां येत नाहीं. शिशाचा एक गुण असा कीं तें झडप ज्या बैठकीवर बसते तिच्यावर लेप धरून झीज रोखतें. अमेरिकेंतील नॉर्थ डकोटा विद्यापीठानें आपलीं शिकाऊ विमानें २०२३ मध्यें ९४ ऑक्टेनच्या बिनशिशाच्या पेट्रोलवर चालविलीं. कांहीं महिन्यांतच झडपांच्या बैठका झिजत असल्याचें आढळलें, आणि ऑक्टोबरांत विद्यापीठ पुनः निळ्या पेट्रोलकडे वळलें. तेथें ऑक्टेन कमी पडलें नव्हतें. पेट्रोलचे इतर गुण आडवे आले. एका आंकड्यावर विसंबून निर्णय घेणारांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

उरला प्रश्न आपल्या रस्त्यावरच्या पंपाचा. तेथें मिळणारें पेट्रोल बिनशिशाचें आहे, स्वस्तही आहे. मग तेंच जिप्सीच्या टाकींत ओतलें तर? एक तर मोटारीच्या पेट्रोलवरील ऑक्टेनचा आंकडा निराळ्या, सौम्य परीक्षेचा असतो. विमानाच्या परीक्षेंत तेंच पेट्रोल खालचे गुण मिळवितें. तरीही जिप्सीला तेवढे गुण पुरतील. अडचण येते ती दुसरीकडून. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलांत २०२५ पासून सुमारें शेंकडा २० इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळलेला असतो. उसाच्या मळीपासून, मक्यापासून, आणि आपल्या ओळखीच्या तुकडा तांदळापासूनही तो काढतात. हा मद्यार्क हवेंतलें पाणी शोषून घेतो आणि जुन्या रबराला फुगवितो. शिवाय जुन्या विमानांच्या टाक्यांतून व कार्ब्युरेटरांतून बुचाच्या लाकडाचे तरंगते गोळे असत, व त्यांना लाखेचा हात दिलेला असे. आपल्या जिल्ह्यांत पळसावर जी लाख होते, तीच ही वस्तु. पेट्रोलांत लाख विरघळत नाहीं. मद्यार्कांत ती सहज विरघळते, हें कोणत्याही सुताराला पॉलिश करतांना ठाऊक असतें. लेप गेला कीं बूच भिजतें, जड होतें, बुडतें. मग टाकींत पेट्रोल असूनही कांटा खालीं दाखवितो, किंवा कार्ब्युरेटर भरून वाहूं लागतो.

आणखी एक गोष्ट. मोटारीचें पेट्रोल विमानाच्या पेट्रोलपेक्षां लवकर वाफ होतें. तापलेल्या इंजिनाशेजारच्या नळींत वाफेचे बुडबुडे धरले कीं पेट्रोलची धार तुटते आणि इंजिन बंद पडतें. ऑक्टेन पुरेसें असूनही!

म्हणून विमानाच्या टाकींत कोणतें पेट्रोल घालावयाचें, हें मालकाच्या किंवा वैमानिकाच्या मर्जीवर ठेवलेलें नाहीं. इंजिन मंजूर होतें तेव्हांच त्याचें पेट्रोलही मंजूर होतें. तें बदलावयाचें तर विमानवाहतूक खात्याची लेखी संमति लागते, आणि त्याप्रमाणें टाकीच्या झांकणाशेजारीं पाटी रंगवावी लागते.

पाटी बरोबर असली तरी टाकींत खरोखर काय आहे हें पाहावेंच लागतें. पेट्रोलवर उडणाऱ्या विमानाचा शिकाऊ वैमानिक दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वीं टाकीच्या तळाची तोटी दाबून एका लहान कांचेच्या नळींत थोडें पेट्रोल काढतो व पांढऱ्या कागदासमोर धरतो. तळाशीं पाण्याचा थेंब आहे काय, कचरा आहे काय, आणि रंग कोणता, हें तो पाहतो. पेट्रोलचे रंग शोभेसाठीं नसतात. निळें असावयाचें तेथें तें फिकट किंवा बिनरंगी दिसलें, तर त्यांत जेट विमानाचें इंधन मिसळलें असण्याचा संभव असतो. डायमंडसारखे कारखाने दिसावयास जवळजवळ सारखीं, पण एक पेट्रोलवर व एक जेटच्या इंधनावर चालणारीं अशीं दोन्ही प्रकारचीं विमानें बांधतात, तेव्हां ही भीति नुसती पुस्तकांतली नाहीं. जेटचें इंधन हें रॉकेलचेंच भावंड. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलवर स्कूटर कशी ठोके देते, हें आपल्यापैकीं पुष्कळ पालकांनीं अनुभवलें असेल. जमिनीवर, अर्ध्या शक्तीवर, विमानाचें इंजिन अशा मिश्रणावर ठीक चालतांना दिसतें. ठोके सुरू होतात ते पूर्ण शक्ति दिल्यावर, धांवपट्टी संपून चाकें वर उचललीं गेल्यानंतर. त्या नळींतला रंग मनासारखा नसला तर तो मुलगा पेट्रोल परत टाकींत ओतीत नाहीं. तें बाजूच्या बादलींत टाकतो आणि यंत्रज्ञाला हांक मारतो.